वर्तकनगरात उतरलेलं कपाळ

हे किस्से मला खरोखर आठवतात, की सांगून सांगून गुळगुळीत झालेत, याची आता खात्री देववत नाही. गणितात पीएचडी असूनही स्वतःवर भरवसा कमीच! पण ठाण्याच्या वर्तकनगरात, सोसायटीच्या हॉलमध्ये, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी निवृत्त मंडळींना कॉम्प्युटर शिकवत होतो, एवढं नक्की. तिथे किस्से आपोआप साठत गेले.

चपला बाहेर काढायचा नियम धुळीसाठी होता. 'व्हायरस बाहेरून येतो' हे शिकवल्यावर मंडळी पाय धुऊन येऊ लागली!

दसऱ्याला वर्गातल्या साठेबाईंनी कॉम्प्युटरची पूजा केली. दुसऱ्या दिवशी माहिती साठवायची फ्लॉपी फटीत जाईचना. आत पाहतो तर अक्षता!

"अहो सर, तोंड तेवढंच सापडलं!"

"पासवर्ड म्हणजे कोणापुढे न उच्चारायचा शब्द," मी एकदा सांगितलं.

"मग ह्यांचंच नाव टाकते!" साठेबाई म्हणाल्या. "लग्नापासून तोंडातून काढलेलं नाही."

मागून अप्पा ओरडले, "अहो, दारावर पाटी आहे की!"

हे अप्पा कोलशेतच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगी अमेरिकेत बाळंत झाली. यांचं हृदय कमजोर, विमानाला डॉक्टरांची मनाई. नातवाचा पहिला फोटो ई-मेलने येणार, म्हणून अप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले.

मी समजावलं, "मोडेम फोनच्या तारेतून माहिती आणतो. मध्येच कोणी फोन उचलला, की संपलं." आमची लाइन वरच्या मजल्यावर सेक्रेटरींच्या घरीही जोडलेली होती.

फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरू लागला. सगळा वर्ग उभा. आधी भिंत. मग टक्कल. मग कपाळ.

"कपाळ आमच्याकडचं!" अप्पांचा आवाज फुटला.

"आणि आठ्या हो?" कोणीतरी विचारलं.

"त्या जन्मतः असतातच," साठेबाईंनी निकाल दिला.

तेवढ्यात वर फोन उचलला गेला. फोटो भुवयांपाशी थांबला. पुन्हा लाइन लागेना.

"राहू द्या सर. एवढंच छापून द्या."

पुढे पोस्टाने पुष्कळ फोटो आले, पण अप्पांच्या देवघराशेजारी फ्रेममध्ये राहिलं ते कपाळच. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवत.

मला मात्र शंका खात होती. काही वर्षांनी मुलगी आली, तेव्हा अप्पा नातवाला घेऊन गॅलरीत गेलेले पाहून मी हळूच विचारलं.

तिने फ्रेम निरखली, गॅलरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"काका, हे माझे सासरे. बाळ त्यांच्या मांडीवर होतं."