हाउजीची पिशवी आणि पुजाऱ्याची गदा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात रविवारी सकाळी कॅरम चालायचा. मी स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होते त्या वर्षी कॅरम भिंतीला टेकला आणि टेबलावर वेगळाच खेळ आला. माझ्या आतेभावाला, दादाला, त्याच्या परदेशातल्या काकांनी त्या खेळाचं पुस्तक पाठवलं होतं. पट नाही, सोंगट्या नाहीत. दादा भुयारं आणि राक्षस तोंडाने उभे करायचा आणि आम्ही चौघं आपापलं पात्र काय करतं ते सांगायचो. प्रत्येक पात्राला एक पेशा होता. योद्धा पुढे राहून लढतो, जादूगार लांबून आग फेकतो, चोर कुलपं उघडतो, पुजारी मंत्राने जखमा भरतो.

पेशे वाटले गेले त्या दिवशी मी प्रॅक्टिकल आटोपून उशिरा पोचले. पुजारी तेवढा उरला होता. योद्धा झालेला बी विंगमधला मुलगा म्हणाला, "तुला बरं आहे गं, लढायला नको." मला योद्धाच हवा होता. पण पात्र जिवंत आहे तोवर पेशा बदलता येत नाही, असा नियम होता.

पुढे त्याचा योद्धा मेला. त्याने नवा योद्धा घेतला आणि मी वेळेवर मंत्र म्हटला नाही, असं सर्वांना सांगितलं. दोष माझा नव्हता हे सिद्ध करायला मी वारासाठी निघणारा प्रत्येक आकडा वहीत टिपू लागले. दुसरा योद्धाही मेला. तेव्हा दादाने, काहीसा ओशाळून, जाहीर केलं की तिसरा मेला तर माझ्या जागी सी विंगमधल्या मुलाला घ्यावं लागेल. मी घरी जाऊन वही उघडली.

वार लागला की चुकला हे ठरवायला पुस्तकाला वीस बाजूंचा फासा हवा होता; आकडा जितका मोठा तितका चांगला. तो आमच्याकडे कुठून येणार? म्हणून कपाटातल्या हाउजीच्या संचातली एक ते वीसची टोकनं कापडी पिशवीत घालून आम्ही ती ओढत होतो. वहीत दिसलं की पिशवी रिकामी होईपर्यंत एकही आकडा पुन्हा आलेला नाही. निघालेलं टोकन आम्ही पिशवीत परत टाकतच नव्हतो. हाउजीच्या फळीवर त्याच्या खोबणीत ठेवत होतो, गणपतीत वर्षानुवर्षं ठेवत आलो तसं. माझ्याही हाताला ते कधी खटकलं नव्हतं. फासा मागचं विसरतो. आमची पिशवी सगळं लक्षात ठेवत होती.

मी ठरवलं की हे जिंकल्यावरच सांगायचं. हरून सांगितलं असतं तर ती तक्रार ठरली असती.

पुढच्या रविवारी पुलावर एक राक्षस आडवा आला. टोकनं लहान निघत होती. आमचे वार चुकत होते, त्याचेही. तेरा टोकनं संपली तेव्हा राक्षस आणखी एका घावात मरणार होता आणि योद्धाही. पाळी माझी होती. फळीवर नजर टाकली: पिशवीत चार, नऊ, पंधरा, सोळा, अठरा, एकोणीस आणि वीस. माझा वार लागायला पंधरा किंवा त्याहून मोठा आकडा लागत होता. सातांपैकी पाच टोकनं माझ्या बाजूची होती, आणि मी चुकले तर तीच राक्षसाच्या कामी येणार होती.

"मंत्र म्हण ना, बघतेस काय?" योद्धा म्हणाला.

"पुजाऱ्याकडे गदा असते," मी दादाला म्हटलं. "मी मारते."

योद्ध्याने कपाळाला हात लावला. मी अठरा ओढले. राक्षस पुलावरून खाली गेला आणि मी वही टेबलावर उघडून ठेवली.

दादा इंजिनीअरिंगला होता. त्याला समजायला एक पान पुरलं. टोकनं परत टाकायची होती, चूक आपलीच, आणि हा वार पुन्हा व्हायला हवा, असं तो म्हणाला. योद्धा भडकला.

"जिंकलोय ना आपण? मग कशाला वाट लावतेस?"

मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसेना. सदोष उपकरणावरचा निकाल माझ्या उपयोगाचा नव्हता. वीसही टोकनं पिशवीत गेली, पाळी पुन्हा माझी. आता गदेच्या बाजूने विसांत फक्त सहा आकडे होते. गणित बदललं, म्हणून निर्णयही बदलला: मी मंत्र म्हटला. मंत्रासाठी योद्ध्याला स्पर्श करावा लागतो, म्हणून पुलावर पुढे गेले. जखम भरली. राक्षसाचा पुढचा वार माझ्यावर आला, आणि पुजाऱ्याला एकच घाव पुरत होता. दादाने सतरा ओढले, पिशवीत परत टाकले आणि हळूच म्हणाला, "पुजारी गेला."

त्यानंतर योद्ध्याने चौदा ओढून राक्षसाला संपवलं; योद्ध्याच्या वाराला बाराच पुरत. योद्धा जिवंत होता. माझी जागा राहिली. दादाने नव्या पात्रासाठी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. पेशाच्या रकान्यात मी योद्धा लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

बी विंगमधल्या मुलाने ते उलटं वाचलं. "अगं, मग जखमा कोण भरणार?"

"तुम्ही तिघं ठरवा," मी म्हटलं आणि पिशवी हलवून त्याच्याकडे दिली.