चंद्रावती मावशींचा क्रम

झेबाला बसवत नव्हतं. पनवेलच्या त्या धर्मादाय दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे ती उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. बाहेरची रांग पायऱ्या उतरून रिक्षांपर्यंत गेलेली. नोंदींचा प्रोग्राम तिच्या कंपनीचा, आणि परवा त्यातला नावांचा क्रम बदलला होता तिनेच.

हट्ट चंद्रावती मावशींचा. केसपेपर काढता काढता त्यांचे केस पिकलेले. संगणक ळ-ला ल-च्या शेजारी बसवतो म्हणून त्या कुरकुरायच्या; पाटीवर शिकल्या तशी ह, मग ळ, हीच वाट त्यांच्या बोटाला ठाऊक. झेबाने मराठी क्रम बसवला, ऑफिसात कितीतरी नावं शोधून पाहिली. सगळी झटक्यात सापडली. इथे मात्र एकेका नावाला चहा उकळेल एवढा वेळ लागत होता.

तिच्या कंपनीतल्या अंकुश सरांनी फोनवर आधी तिच्या हौसेचं कौतुक केलं, मग सुनावलं. दुपारची ओपीडी उघडायच्या आत जमलं नाही, तर जुना क्रम परत टाकायचा आणि हे काम ऑफिसातल्या सोनमकडे द्यायचं. झेबाने स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं हे पहिलंच काम.

“मावशी, एक नाव शोधून दाखवा. रोज शोधता तसंच.”

खिडकीत एक म्हातारा खोकत उभा होता. त्याने ‘काळू’ असं काहीतरी पुटपुटलं. मावशींनी नुसतं ‘का’ टाकलं आणि हाताची घडी घातली.

“पूर्ण नाव नाही टाकत?”

“पुरा कोन टाकतंय? मानसं तोंडातल्या तोंडात बोलतान. पैलं अक्षर टाकाचं, मंग गाव बघून मानूस उचलाचा. तुज्या मशीनपेक्षा माजी नजर बरी हाय.”

झेबाच्या बोटावरची ओढणी सुटली. ऑफिसात तिने प्रत्येक वेळी पूर्ण नाव टाकलं होतं! पूर्ण नाव इंडेक्समधून, म्हणजे नोंदींच्या सूचीतून, थेट मिळतं. नुसती सुरुवात दिली, तर मराठी क्रमाने लावलेला इंडेक्स या डेटाबेसच्या कामाचा नाही. मग तो बिचारा पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या नोंदी चाळत बसतो. म्हणजे मावशींचा क्रम काढायची गरजच नव्हती. सुरुवातीवरून शोधायला शेजारी दुसरा, साधा इंडेक्स हवा होता.

उभ्याउभ्याच तिने तो लावला. लागेपर्यंत दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. अंकुश सरांचा फोन थरथरत राहिला.

“आता टाका, मावशी.”

यादी लगेच आली. मावशींचं बोट काशिरामवर न थांबता सरळ तळाशी, ह-च्याही खाली उतरलं. तिथे काळू होते, एकाखाली एक.

“गाव कंचा, बाबा?”

“उलवं. बांधकामावर.”

“ह्यो बघ,” मावशी म्हणाल्या, आणि केसपेपर खिडकीतून बाहेर गेला.

झेबाने फोन उचलला. “सर, क्रम राहतोय.”

मावशींनी पायाने स्टूल पुढे सरकवलं. “आता तरी बस गो.”

“बसते,” ती म्हणाली, आणि उभीच राहिली. “पुढचं नाव टाका.”