बुरुलनं कापलेली वेणी

घरचा पुरुष परमुलखात असताना बाईनं केसांना कात्री लावली, की त्याच्या आयुष्याला कात्री लागते, यावर सालीमाचा पक्का विश्वास होता. मुलगा एर्मेक मॉस्कोला बांधकामावर गेला, त्याच दिवशी तिनं सुनेला हे बजावलं. सुनेनं, बुरुलनं, ते आठ वर्षं निमूट पाळलं. वेणी गुडघ्याला टेकली. ती धुवायला पातेलंभर दही आणि अर्धा दिवस लागे. हिवाळ्यात तर दोन दिवस वाळत नसे आणि मान आखडून जाई. धारा काढायच्या, गोठा साफ करायचा, सरपणासाठी शेण वाळवायचं आणि वर डोक्यावर हे ओझं.

"आपा, दोन बोटं तरी कापू का? टोकं फुटलीत," ती सासूला कधीतरी विचारी.

"टोकं फुटली म्हणून कुणी मेलंय का? तो तिकडे उंचावर लोंबकळतोय आणि तू इथे चुलीजवळ बसलीयेस. तुला काय धाड भरलीय?"

एर्मेक मात्र काही येत नव्हता. सुरुवातीला दर शरदात येतो म्हणायचा, पुढे नुसते फोन, मग फक्त सणाचा फोन. गावात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. मूलबाळ नसलेल्या बाईनं नवऱ्याची तक्रार करायची नसते, एवढं शहाणपण नारिनच्या डोंगराळ मुलखातल्या त्या खेड्यात प्रत्येकाकडे होतं.

मग एका दुपारी शेजारच्या बात्मानं तिला आपल्या फोनवर एक फोटो दाखवला. बात्माचा भाऊही एर्मेकच्याच बांधकामावर होता. फोटोत एर्मेक होता, कानापर्यंत आखूड केस कापलेली एक हसरी बाई होती आणि दोघांच्या मध्ये तीनेक वर्षांचं पोर. पोराच्या डोक्यावर लाल लोकरीची टोपी होती. ती टोपी बुरुलनं गेल्या हिवाळ्यात स्वतः विणली होती. बहिणीच्या नातवासाठी हवी, असं सासूनं सांगितलं होतं.

घरी सालीमा कणीक मळत होती.

"टोपी बसली का, आपा?"

सालीमाचे हात थांबले नाहीत. "बसली. जरा सैल होते. पोर लहान चणीचं आहे."

"माझ्याकडून विणून घेतलीत?"

"तुझा हात चांगला आहे. शिवाय बाहेर कुणाला सांगितलं असतं, तर गावभर झालं असतं. जा, पाणी उकळत ठेव."

बुरुलनं पाणी उकळत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सासू एका लग्नाला गेली, तेव्हा तिनं दाराला कडी घातली आणि मेंढ्यांची लोकर कातरायची कात्री घेतली. वेणी एवढी जाड की तीन-चारदा करकर कापावं लागलं. केस पायदळी येऊ नयेत म्हणून तिनं वेणी गोठ्याच्या भिंतीतल्या फटीत कोंबली. आरशात पाहिलं तर एक बाजू कानावर, दुसरी खांद्यावर. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती खाली बसून ढसाढसा रडली.

कुणाला पत्ता लागला नाही. लग्न झालेल्या बाईचा अंबाडा रुमालाखाली असतो. तिनं तिथे जुन्या शालीची गुंडाळी खोचली. पुढे महिन्यातून एकदा, सासू बाहेर गेली की दाराला कडी लागे. एक आरसा भिंतीला, दुसरा मागे हातात धरून ती मानेवरचे केस सरळ करायला शिकली. कपाळावर झुलपं कापली. चिंध्या गुंडाळून कुरळे केले. तासभर ती स्वतःला वळून वळून बघे, मग सगळं विसकटून रुमाल बांधे. हे नवऱ्यासाठी नव्हतं आणि सवतीची नक्कलही नव्हती. त्या घरात तिच्या मनासारखी झालेली ती एवढीच एक गोष्ट होती.

तीन वर्षांनी एर्मेक परांचीवरून पडला. शवपेटी विमानानं आली. अंगणात दुखवट्यासाठी जाड लोकरी नमद्याचा गोल तंबू उभा राहिला, बुरुलला काळे कपडे चढवले. सवत काही आली नाही; विधवेचं आसन बुरुललाच मिळालं. आता गावच्या म्हाताऱ्या तिची वेणी सोडणार होत्या. मोकळ्या केसांनी, भिंतीकडे तोंड करून विधवेनं विलाप गायचा असतो. बुरुलला खरंच रडू येत होतं आणि त्याचाच तिला राग येत होता.

"राहू द्या, मावशी," ती म्हणाली. "रुमाल राहू द्या."

"असं कसं, पोरी? त्याचा हक्क आहे तो," म्हणत एकीनं गाठ सोडली.

गुंडाळी मांडीवर पडली. मानेवर नीट कापलेले, कपाळावर झुलपं काढलेले केस सगळ्यांसमोर आले. रडणाऱ्या बायका वाकून बघू लागल्या.

"कधी कापलेस?" एकीनं विचारलं.

"तीन वर्षं झाली. का कापले, ते बात्माला विचारा."

बात्मानं मान खाली घातली. "मला काय माहीत बाई," ती पुटपुटली.

"मी हिला सांगितलं होतं!" सालीमानं ऊर बडवला. "हात जोडून सांगितलं होतं! खाल्लंस गं माझ्या लेकराला!"

कुणीतरी बुरुलच्या डोक्यावर काळी शाल टाकली आणि तिला भिंतीकडे वळवलं. नमद्यापलीकडे पुरुषांमध्ये कुजबुज पोचली होती. केस, कात्री, तीन वर्षं, एवढं तिला ऐकू येत होतं. एर्मेक का येत नाही, हे अकरा वर्षांत त्या गावात कुणी विचारलं नव्हतं. तो का मेला, हे अर्ध्या तासात सगळ्यांना कळलं.