हेक्टर लिंडोर्सचं आडनाव

हेक्टर लिंडोर्सच्या घरात पाऊल टाकलं की आधी भिंतीवरची चौकट दिसायची. काचेमागे एक ढाल, ढालीवर हरणाचं मुंडकं, खाली लॅटिनमधली एक ओळ. "आमच्या घराण्याचं चिन्ह," तो सांगायचा. ते त्यानं पर्थच्या एका दुकानातून आणलं होतं, आणि त्या दुकानात वाटेल त्या आडनावाला चिन्ह मिळायचं. पण हे हेक्टरच्या तोंडावर बोलायची स्कॉटलंडमधल्या आमच्या किनफार्नी गावात कुणाची छाती नव्हती. तो पंचवीस वर्षं कौन्सिलच्या रस्तेदुरुस्तीच्या टोळीचा मुकादम होता. उंच, रुंद हाडाचा, आवाज दगड फोडल्यासारखा.

त्याच्या घरात एक गोष्ट चालत आली होती. फाइफ परगण्यात लिंडोर्स गावी जुना मठ आहे. त्या मठाच्या जमिनी पुढे ज्यांच्याकडे गेल्या त्या बड्या घराण्यातला धाकटा मुलगा बापाशी भांडून बाहेर पडला, आणि त्याच्यापासून ही शाखा निघाली. हेक्टरचा आजोबा जॉन लोकांच्या शेतावर नांगऱ्या होता, पण ताठ मानेनं चालायचा. "रक्तच तसं," हेक्टर म्हणायचा.

मी तेव्हा गावच्या वाचनालयात कामाला होते. बायको वारली तशी हेक्टर रोज सकाळी येऊन यंत्रावर जुन्या नोंदींच्या फिती बघत बसू लागला. आमच्याकडे हे वेड घरोघर आहे. राजा शोधायला निघतात आणि विणकर सापडतो, तरी खूश होऊन जातात. हेक्टरला विणकरही सापडेना. अठराशे अठ्ठ्याण्णवमध्ये आजोबाच्या लग्नाची नोंद होती. बाप डेव्हिड लिंडोर्स, मजूर. आई युफेमिया, माहेरची रीड. त्याच्या मागे सगळा अंधार. जनगणनेत नाही, चर्चच्या वहीत नाही. आडनावाचं स्पेलिंग त्यानं नऊ तऱ्हांनी लावून पाहिलं.

"माणूस काय बटाट्यासारखा जमिनीतून उगवतो होय पोरी?" तो माझ्यावर खेकसायचा. मी तेव्हा पन्नाशीला आले होते.

"पत्ता लागू द्यायचा नाही असं ठरवून निघालेला दिसतोय तुमचा आजोबा," मी थट्टेनं म्हटलं. तो हसला नाही.

दोन हजार दोनच्या वसंतात मीच त्याला वाट दाखवली. त्यांच्या घरच्या बायबलमध्ये आजोबाची जन्मतारीख लिहिलेली होती, अकरा नोव्हेंबर अठराशे शहात्तर. मी म्हटलं, "नाव सोडा आता. तारीख धरा. लिंडोर्स ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत येतं, ती लहानशी आहे. त्या महिन्याचं पान अन् पान वाचा."

तो एडिंबरोला जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवतात त्या कचेरीत गेला. त्याची बहीण नेटा शेजारच्या गल्लीत राहायची, तिनं अंड्याची सँडविचेस बांधून दिली. त्यानंतर नऊ दिवस हेक्टर वाचनालयात फिरकला नाही. दहाव्या दिवशी आला, कोट न काढताच माझ्या टेबलापाशी उभा राहिला आणि नोंदीची नक्कल समोर ठेवली.

जॉन टाउन्स्ली. अकरा नोव्हेंबर. जन्म लिंडोर्सजवळ, रस्त्याच्या कडेला, पालात. बाप डेव्हिड, कल्हईवाला. आई युफेमिया, माहेरची रीड. बापानं सहीच्या जागी फुली केली होती.

"योगायोग असेल," मी म्हटलं.

"तारीख तीच. बाप तोच. आई तीच. गावही तेच. मी अडाणी नाही."

टाउन्स्ली हे नाव आमच्याकडे सगळ्यांना माहीत. पिढ्यान् पिढ्या पाल घेऊन फिरणारी माणसं. भांड्यांना कल्हई लावणारी, मोत्यांसाठी नदीत शिंपले शोधणारी, जुलैत ब्लेअरगौरीला बेरी तोडायला येणारी. 'टिंकर', म्हणजे कल्हईवाला, हा शब्द आमच्या गावात शिवीसारखा वापरत, आणि तो सगळ्यांत जास्त हेक्टरच्याच तोंडात असे.

तो खुर्चीत बसला आणि मला न विचारता सांगू लागला. एकोणीसशे त्रेसष्टचा मार्च. त्या वर्षी बर्फ हटता हटत नव्हतं. गावाबाहेर चर्चच्या रानाला लागून एक जागा होती, तिथं हे लोक शंभर वर्षं पालं ठोकत आले होते. वरून हुकूम आला, जागा मोकळी करा. हेक्टरनं चर खणून घेतला, वाटेवर मोठाले धोंडे टाकून घेतले. शेवटचं पाल उठत नव्हतं, तेव्हा त्यातल्या माणसाला तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तुम्हाला बापजाद्यांचं नाव तरी ठाऊक आहे का रे?"

"त्यांच्यातली एक मुलगी आता बेरीच्या मळ्यामागच्या कौन्सिलच्या घरात राहते," तो म्हणाला. "मार्था. तू ओळखतेस तिला. माझ्याबरोबर चल. मला एकट्याला बघून ती दार लावून घेईल."

मार्था आमच्याकडून मोठ्या अक्षरांची पुस्तकं न्यायची. तेव्हा ती चौसष्ट वर्षांची होती. तिनं दार उघडलं, मला पाहून हसली, आणि माझ्यामागे कोण आहे ते पाहिल्यावर ओठ मिटले.

"रस्तेवाला," ती म्हणाली.

तरी आत घेतलं. चहा केला. मला दिला, त्याला नाही. हेक्टरनं टोपी मांडीवर ठेवून कागद पुढे केला. तिचा चष्मा सापडेना म्हणून मी वाचून दाखवलं. डेव्हिड आणि युफेमिया ही नावं ऐकल्यावर तिनं डोळे मिटले आणि एका दमात म्हणू लागली.

"डेव्हिड रॉबर्टचा. रॉबर्ट काळ्या विलीचा. विली आर्गाइलकडून आला, बायको मेरी, तिचा एक डोळा निळा एक घारा. डेव्हिड आणि युफेमियाला सात झाली. थोरला जॉन, भिंत ओलांडून गेला तो. मग मेरी, मग जुळी गेली, मग रॉबर्ट, मग ॲनी. शेंडेफळ डोनाल्ड, तो माझा आजोबा."

हेक्टर तीन वर्षं जे शोधत होता ते सगळं तिला तोंडपाठ होतं.

"भिंत ओलांडून म्हणजे?" त्यानं विचारलं.

"म्हणजे तुमच्यात. शेतावर नांगऱ्याची जागा होती, पण टाउन्स्लीला कोण ठेवतंय कामाला? त्यानं जिथं जन्मला त्या गावाचं नाव सांगितलं. झाला लिंडोर्स. युफेमिया दर जुलैला येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, माझा जॉन दिसला का म्हणून. एकदा बाजारात दिसला. मालकाचा घोडा धरून उभा होता. तिनं हाक मारली. तो घोडा घेऊन रस्त्यापलीकडे गेला."

"माझा आजोबा देवमाणूस होता," हेक्टर म्हणाला.

"असेल. तुला होता."

हेक्टरनं टोपी मांडीवरून खाली ठेवली. "त्रेसष्टच्या मार्चमध्ये..."

"माहीत आहे. तुझं थोबाड विसरेन मी?" मार्था म्हणाली. "मी तेव्हा बाळंतपणाला इस्पितळात होते. पोर घेऊन परत आले तर जागेवर धोंडे. माझी माणसं शोधायला नऊ दिवस लागले. तोवर आई गेली होती. तापानं फणफणलेली बाई, बर्फात उघड्या गाडीवर घालून नेली. तिला कुठे पुरलं ते बाप सांगेना. आमच्यात माणूस गेलं की पाल जाळतात, भांडी फोडतात, त्या वाटेला परत जात नाहीत. तो मेला तरी बोलला नाही. पुढे मी चार दफनभूम्या हिंडले. वहीत टाउन्स्ली नाही म्हणाले."

"तुझी आई..."

"जेसी. डोनाल्डची लेक."

हेक्टर बोटांवर मोजू लागला. जॉन आणि डोनाल्ड सख्खे भाऊ. जॉनचा मुलगा आपला बाप. डोनाल्डची मुलगी जेसी. "म्हणजे माझ्या बापाची चुलत बहीण," तो पुटपुटला. "माझी आत्या."

"आता आत्या आठवली होय रे?"

"मला माहीत नव्हतं, मार्था."

"काय माहीत नव्हतं? ती तुझी आत्या आहे हे, की ती आजारी आहे हे?"

मी चहाचा कप खाली ठेवला. तो खोटं बोलेल असं मला वाटलं. मी त्याच्या जागी असते तर बोलले असते.

"आजारी आहे हे माहीत होतं," हेक्टर म्हणाला. "तुझ्या बापानं दोन दिवस मागितले होते. द्यायचं माझ्या हातात होतं. वरचा साहेब बघायलासुद्धा आला नसता. मी नाही म्हटलं."

मार्था उठली आणि तिनं दार उघडलं. आम्ही बाहेर पडलो.

चौकट त्यानं त्याच संध्याकाळी उतरवली. नेटानं भिंतीवरचा फिकट चौकोन पाहिला, विचारलं, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. ती दुसऱ्या दिवशी माझ्याकडे भांडायला आली. "तूच नादी लावलंस त्याला. आजोबानं जन्मभर झाकून ठेवलं, ते उकरायला कुणी सांगितलं होतं? माझ्या नातीचं लग्न ठरतंय. पोरांनी शाळेत काय काय ऐकायचं?" घरी जाऊन तिनं भावाला निरोप पाठवला, की गावात याची वाच्यता केलीस तर तुला बहीण नाही. हेक्टरनं वाच्यता केली. विचारील त्याला सांगितलं, न विचारणाऱ्यालाही सांगितलं. नेटानं शब्द पाळला.

पण मुख्य म्हणजे तो शोधू लागला. आता पूर्वज नव्हे, जेसी. टाउन्स्ली नावानं काहीच नव्हतं. मग त्यानं नाव सोडलं आणि तारीख धरली. त्रेसष्टचा मार्च आणि एप्रिल, आणि त्या लोकांची गाडी जाऊ शकेल अशा वाटांवरच्या सगळ्या पॅरिशेस. कुठल्या वाटेवर तेव्हा बर्फ साचलं होतं, कुठली उघडी होती, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? सारा उन्हाळा तो बसनं हिंडला. वाळला, दाढी वाढली. एकदा मी म्हटलं, "हेक्टर, जरा दमानं घ्या." तो म्हणाला, "तिला कुणी दमानं घेऊ दिलं होतं?"

ऑगस्टच्या शेवटी सापडली. जेसी टाउनसेंड, वय एकावन्न, फिरती विक्रेती. बालनेरीच्या रस्त्याच्या कडेला, न्यूमोनियानं. खबर देणारा नवरा, सहीच्या जागी फुली. कारकुनानं नाव चुकीचं ऐकलं, आणि ज्याला वाचता येत नव्हतं तो काय दुरुस्त करणार? बालनेरीच्या दफनभूमीच्या वहीतही तेच नाव होतं. उत्तरेच्या भिंतीलगत, दगड नाही.

तो कागद त्यानं माझ्यापुढे सरकवला. "तू नेऊन दे."

"तुम्ही शोधलंत, तुम्ही द्या."

मलाही बरोबर नेलंच त्यानं. मार्थानं या वेळी चष्मा लावला. कागद बराच वेळ हातात धरून बसली. बोट टाउनसेंड या शब्दावर होतं.

"खात्री आहे?"

"वय बघ. तारीख बघ. नवऱ्याचं नाव बघ."

तिनं मान हलवली. हेक्टर दारापाशी घुटमळला. "मी टाउन्स्ली नाव लावू का? कायद्यानं बदलून मिळतं."

"नाव म्हणजे काय कोट आहे?" मार्था कागदावरून नजर न उचलता म्हणाली. "एकानं काढला, दुसऱ्यानं घातला? आहेस ते राहा. आणि दार ओढून घे, वारा येतोय."

सप्टेंबरमधल्या एका रविवारी तिची माणसं बालनेरीला जमली. पाचसहा मोटारी, म्हातारी माणसं, तान्ही पोरं. एकानं बॅगपाइपवर एक संथ सूर वाजवला, मार्थानं आपल्या आईचं आणि आईच्या आईचं नाव मोठ्यानं घेतलं. मला बोलावलं होतं, हेक्टरला नाही. सोमवारी तो वाचनालय उघडायच्या आधीच दाराशी उभा होता.

"जागा कोरडी आहे का?" त्यानं विचारलं. "उत्तरेच्या भिंतीला पाणी साचतं. चर काढून द्यायला हवा."

मी म्हटलं, कोरडी आहे. खरं तर तिथं पाय रुतत होते.

माफ केलं असं मार्था कधी म्हणाली नाही, आणि त्यानंही परत विचारलं नाही. पण तिच्या नात्यागोत्यातली माणसं वाचनालयात येऊ लागली. कुणाचा भाऊ लहानपणी सरकारी माणसांनी उचलून अनाथांच्या संस्थेत टाकलेला, कुणाची आजी वाटेत गेलेली. "तो रस्तेवाला कुठे बसतो?" असं विचारत यायची. तो यंत्रासमोरच असायचा. पाचांतली चार माणसं त्याला सापडत नसत. तो कधी कधी तिथंच कपाळ टेबलाला टेकवून बसून राही.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत तो गेला. नेटानं अंत्यविधी नीट केला, दगडावर लिंडोर्स कोरलं. चर्चमध्ये पुढच्या बाकांवर गावातली सातआठ माणसं होती. मागे भिंतीशी बरीच अनोळखी माणसं उभी होती, त्यांच्याकडे नेटानं वळून पाहिलं नाही. मार्था आली नव्हती.

त्या आठवड्यात ती पुस्तक बदलायला आली. पुस्तक निवडताना पाठमोरीच म्हणाली, "आमच्यातले किती होते?"

"बावीस," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि पुस्तकावर शिक्का मारून घेऊन गेली.