एकही चेंडू मारू दिला नाही

मी सूड घेतला असं इथले मराठी लोक म्हणतात. बरोबर म्हणतात. काही जण माझी बाजू घेतात. काकांचं वय झालंय, मॅचच्या गडबडीत त्यांचा गोंधळ उडाला, असं सांगतात. त्यांना माझं एकच म्हणणं आहे, बाजू घेऊ नका. गोंधळ बिंधळ काही झाला नव्हता. मी ठरवून केलं, आणि परत तशी वेळ आली तर परत करीन.

मी शिकलो चौथीपर्यंत. मोठी बहीण नर्स होऊन मिशिगनला आली, तिनं माझे कागद केले, म्हणून मी आलो. गाड्यांचे पत्रे दाबायच्या कारखान्यात प्रेसवर लागलो. तिथल्या कामगारांची बेसबॉलची टीम होती आणि त्यांना कॅचर मिळत नव्हता. कॅचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला विकेटकीपर, फक्त त्याला सगळी मॅच उकिडवं बसावं लागतं. गोऱ्यांचे गुडघे लगेच बोलायला लागायचे. मला उकिडवं बसायला काय, लहानपणापासून जेवणसुद्धा तसंच बसून केलेलं. सुपरवायझरनं मला एकदा डबा खाताना तसा बसलेला बघितला आणि रविवारी मैदानावर बोलावलं. बोटं मोडली, दात पडला, पण कारखाना बंद पडेपर्यंत ती जागा मी कुणाला दिली नाही.

मग आपली मुलं यायला लागली. पुण्याची, मुंबईची, नागपूरची. कंप्युटरवाली. रविवारी पार्कात क्रिकेटची बॅट घेऊन यायची, पण इथे पिच कुठलं? बेसबॉलच्या मैदानावर स्टंप ठोकायची आणि पार्कचा माणूस येऊन हाकलायचा. मी रोज तिकडे चालायला जायचो. एक दिवस म्हटलं, "अरे, मैदान ज्या खेळाचं आहे तो खेळा ना. मी शिकवतो." अशी आमची टीम झाली.

काय शिकवलं म्हणून सांगू! चेंडू मारला की बॅट खाली टाकून पळायचं असतं. आमचे गडी बॅट घेऊन पळायचे आणि बेसजवळ, म्हणजे पळत गाठायच्या खुणेजवळ, पोचले की ती जमिनीला टेकवायचे. समोरची टीम पोट धरून हसायची. मी ओरडायचो, "बॅट टाक! बॅट टाक रे गाढवा!" एक तर बॅट टाकून, अर्ध्यातनं मागे येऊन, परत उचलून पळाला. असल्या गड्यांची मी टीम केली. ओरडूनच केली. प्रेमानं समजावून सांगायला मला जमत नाही, आणि मलाही कुणी तसं शिकवलं नव्हतं.

त्यातला एक नागपूरचा. नवीन आला तेव्हा बायको नव्हती, गाडी नव्हती, बर्फात चालत यायचा. आमच्या हिनं त्याला किती दिवस जेवू घातलं. पिठलं केलं की मलाच सांगायची, "त्याला फोन करा." हाताला ताकद होती त्याच्या. मी त्याचे पाय नीट करून घेतले, खांदा नीट करून घेतला. पुढे तो आमचा सगळ्यात मोठा हिटर झाला. मीच त्याला कॅप्टन केला.

त्यानंच मला काढलं.

काढलं कसं, ते ऐका. पाडव्याच्या आधी त्याचा फोन. "काका, कार्यक्रमाला नक्की यायचं हं, काकूंना घेऊन या. सरप्राइज आहे." मी इस्त्रीचा शर्ट घातला. मला वाटलं नवीन सीझनची घोषणा असेल. हॉलमध्ये मुलांचे नाच झाले, श्रीखंडाचा वास सुटला, आणि मग माइकवर माझं नाव. स्टेजवर गेलो. खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, लाकडी पाटीवर चांदीच्या रंगाची बॅट चिकटवलेली, ती दिली. मी नमस्कार केला. आणि मग तो माइकवर म्हणाला, "काकांनी आपल्यासाठी एवढे कष्ट घेतले, आता आपण त्यांना हक्काची विश्रांती देऊ या. या सीझनपासून काका आपले ज्येष्ठ मार्गदर्शक!"

टाळ्या. लोक उभे राहिले. मी हातात नारळ धरून उभा, आणि मला तिथे, त्या क्षणी कळलं की मला काढून टाकलंय. कुणी घरी येऊन सांगितलं नाही. तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून शाल घातली. आपल्या लोकांना ही एक कला आहे. ज्याला उठवायचं त्याचा सत्कार करायचा, म्हणजे त्याला भांडताही येत नाही. खांद्यावर शाल असताना माणूस शिवी कशी देणार?

खाली उतरल्यावर त्याला कोपऱ्यात धरला. "कारण सांग."

"काका, प्लीज चिडू नका. नवीन लोकांना ओरडलेलं नाही आवडत. त्यांना पॉझिटिव्ह वातावरण पाहिजे. आणि तुम्हालाही आता उन्हात त्रास होतो."

"मला त्रास होतो असं मी तुला सांगितलं?"

"तसं नाही काका..."

"मी बाकावर नुसता बसलो तर?"

तो खाली बघत म्हणाला, "काका, तुम्ही नुसते बसत नाही ना."

हे त्यानं खरं सांगितलं. पण सत्कारानंतर.

गाडीत ही म्हणाली, "जाऊ दे ना. चांगला मान केला की." नारळ मागच्या सीटवर गडगडत होता.

आमच्या लीगमध्ये तेलुगू मंडळींची एक टीम आहे. त्यांचा कोच नोकरी बदलून दुसऱ्या गावाला गेला होता. मी त्यांच्या प्रॅक्टिसला जाऊन जाळीपाशी उभा राहिलो. त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उंच, काळासावळा, शांत मुलगा, लगेच ओळखून म्हणाला, "अंकल, इधर कैसे? आइए ना." बस. पुढच्या रविवारी त्यांची टोपी माझ्या डोक्यावर होती.

मराठी लोकांमध्ये बोंब झाली. कुणी म्हणालं गद्दार, कुणी म्हणालं म्हातारचळ. ग्रोसरीच्या दुकानात एक काकू मला बघून दुसऱ्या रांगेत गेल्या. मला बरं वाटलं. सगळ्यांना झोंबलं होतं तर!

पण तेवढ्यावर माझं समाधान होणार नव्हतं. उन्हाळ्यात कळलं की कॅप्टनचे वडील नागपूरहून आले आहेत, आणि आमच्या तेलुगू-मराठी मॅचला तो त्यांना मुद्दाम आणणार आहे. मुलगा अमेरिकेत काय खेळतो ते बापाला बघायचं होतं. त्या दिवशी मी ठरवलं. त्यानं मला माझ्या खेळातनं उठवलं. मी त्याला त्याच्या बापासमोर एकही चेंडू मारू देणार नाही.

बेसबॉलमध्ये हे करता येतं. पिचरनं चार चेंडू बॅटपासून लांब, बाहेर टाकले की बॅट घेतलेल्या माणसाला न खेळता पहिल्या बेसवर चालत जायला मिळतं. फुकट. त्याला वॉक म्हणतात. हिटर फार मोठा असेल तर त्याला भिऊन असा वॉक देतात. म्हणजे दिसायला तो मानच असतो. तुम्ही फार मोठे, तुम्ही खेळू नका, जाऊन तिकडे उभे राहा.

मी हिला आदल्या दिवशी सांगितलं. ती भाजी चिरत होती, थांबली. "त्याला मी माझ्या हातानं वाढलंय. असं काही करू नका."

"तू वाढलंस म्हणून तर करतोय."

"मग मी मॅचला येत नाही."

"नको येऊस."

मॅचला चांगलं ऊन होतं. बाप पहिल्या ओळीत बसला होता, पांढरी टोपी, हातात पाण्याची बाटली, मोबाईल वर धरलेला. कॅप्टन बॅट घेऊन आला, बापाकडे बघून हसला, खांदे फिरवले. मी पिचरला चार बोटं दाखवली. चारही चेंडू बाहेर. कॅप्टननं बॅट टाकली आणि चालत बेसवर गेला. बापानं टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं काहीतरी चांगलं झालं.

दुसऱ्या वेळेला परत चार. बापानं शेजारच्याला काहीतरी विचारलं. तिसऱ्या वेळेला कॅप्टन बेसवर जाता जाता माझ्याकडे बघून ओरडला, "काका, काय चाललंय हे?"

"पॉझिटिव्ह!" मी ओरडलो.

मराठी बाकावर हसू फुटलं, त्यांच्याच गड्यांमध्ये. तो लाल झाला. बापानं मोबाईल खिशात ठेवला.

शेवटच्या डावात आम्ही, म्हणजे तेलुगू, एका रननं पुढे होतो. मराठी टीमचे तिन्ही बेस भरलेले, दोन गडी बाद झालेले, आणि बॅटला परत कॅप्टन. आता वॉक दिला तर तिसऱ्या बेसवरचा माणूस आपोआप होम प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, येतो, रन मिळतो, बरोबरी होते. असं कुणी करत नाही. मी चार बोटं दाखवली.

पिचर मैदानातनं चालत माझ्याकडे आला. "अंकल, बेसेस फुल हैं।"

"दिखता है मेरेको।"

"मैं इसको आउट कर सकता हूँ। प्लीज।"

"इसके पीछेवाला कमजोर है। उसको आउट कर।"

ते खोटं नव्हतं. मागे एक विद्यार्थी होता, युनिव्हर्सिटीतला, काडीसारखा, त्या सीझनला ज्याची बॅट चेंडूला लागलीच नव्हती. पण खोटं नव्हतं म्हणून मी तसं सांगितलं, असंही नाही. मला कॅप्टनला खेळू द्यायचं नव्हतं. पिचर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला कळलं असणार. तरी मान देणारा मुलगा, गेला आणि टाकले चार. चौथ्या चेंडूला कॅप्टननं बॅट फिरवली सुद्धा, रागानं, हात लांब करून. पोचली नाही. पण बॅट फिरवली म्हणून तो चेंडू त्या चारात मोजला नाही, आणखी एक टाकावा लागला. तेवढ्या वेळात सगळ्यांनी बघितलं की हा किती तडफडतोय.

बरोबरी. मग तो काडी विद्यार्थी आला, डोळे मिटून बॅट फिरवली, आणि चेंडू पिचरच्या पायाखालून निघून गेला. मॅच संपली. मराठी टीम जिंकली. सगळे त्या पोराला खांद्यावर घेऊन नाचायला लागले. कॅप्टन पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्ये उभा होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

पिचर टोपी काढून माझ्यापाशी आला. "अंकल, आप हमारे लिए नहीं खेले।"

"नहीं।"

"तो फिर अगले साल मत आइए।"

मला तो मुलगा आवडला. तोंडावर बोलला. मी टोपी काढून त्याच्या हातात दिली.

पार्किंगमध्ये कॅप्टनचा बाप माझ्याकडे आला. माझ्याच वयाचा. हात जोडले, मीही जोडले. "काय जी, तुम्हीच ना ते काका? तुमच्या घरचं जेवण लई सांगायचा फोनवर."

"हो. मीच."

"मग आज माझ्या पोट्ट्याला खेळू काऊन नाही दिलं तुम्ही?"

"त्याला विचारा, त्यानं मला काऊन नाही दिलं."

बाप म्हणाला, "त्यानं चुकी केली असंल. पण मी तर नाही केली ना जी. परवा चाललो मी वापस. आता पुन्हा येणं काही होत नाही माझ्यानं."

मी गाडीचं दार उघडलं. तो गेला तसा मी बसलो आणि घरी आलो. जेवण ताटात वाढून ठेवलेलं होतं, झाकून. ही दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

आता मला कुठलीच टीम नाही. पण पार्क सगळ्यांचं आहे. दर रविवारी मी घडीची खुर्ची घेऊन जातो आणि होम प्लेटच्या मागे, जाळीच्या बाहेर, बरोबर मध्ये बसतो. ओरडत नाही. एक शब्द बोलत नाही. मराठी टीम खेळत असली की कॅप्टन बॅट घ्यायच्या आधी एकदा वळून माझ्याकडे बघतो, आणि या सीझनला त्याची बॅट काही नीट लागलेली नाही.

गेल्या रविवारी डाव संपल्यावर तो जाळीपाशी आला. बोटं जाळीत अडकवून उभा राहिला.

"काका, एक विनंती आहे. तुम्ही इथे बसलात की मला खेळता येत नाही."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"मग?"

"मग काय? मला विश्रांती दिलीस ना तू? मी ती इथे घेतो."

तो गेला. मी खुर्ची थोडी पुढे सरकवली. त्यांचा अजून एक डाव बाकी होता.