राबाच्या धुरासाठी जाळी

दिल्लीत मी ज्या दुकानात कामाला होते, तिथं घरात ठेवायची हवा गाळायची यंत्रं मिळायची. दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझं काम झाडपूस करायचं आणि यंत्रांतल्या काळ्या पडलेल्या जाळ्या बदलायचं. सातवीनंतर माझी शाळा सुटलेली, खोक्यांवरचं इंग्रजी कळायचं नाही. मालकांनी मला रंगांवरून जाळ्या ओळखायला शिकवलं. कधी चिडले नाहीत. अजून दिवा लावताना त्यांची आठवण येते.

गिऱ्हाईक आलं की ते आधी विचारत, "राहता कुठं? खिडकीबाहेर काय आहे?" रस्त्याची धूळ असेल तर एक जाळी, धूर असेल तर बारीक घड्यांची आणि तिच्यामागं कोळशाच्या दाण्यांची.

माझ्या लेकीला दम्याचा त्रास. तिला शाळेची सुट्टी उन्हाळ्यात, आणि आमच्या शहापूर-मुरबाडकडं राब भाजायचे दिवसही तेच. भाताचं रोप जिथं पेरायचं, त्या तुकड्यावर शेण, ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा पसरतात, वर माती टाकतात आणि पावसाआधी ते सगळं जाळतात. वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हणजे सावकाश जळतं आणि जमीन नीट भाजते. धूर मात्र दिवसभर गावावर बसून राहतो. डॉक्टर म्हणाले होते, पोरीला धुरात नेऊ नका. त्यामुळं एकेक उन्हाळा तसाच जात होता. आई गेल्यापासून बाबा घरात एकटे, आणि त्यांनी नातीला नीट पाहिलंही नव्हतं.

एक दिवस मालकांनी मलाच विचारलं, "तुझ्या गावची हवा कशी आहे?" मला सांगता येईना. ठरल्या वेळी गावाजवळच्या शेणव्याच्या टेलिफोन बूथवर बाबांना फोन लावला आणि तेच विचारलं.

"हवा?" बाबा म्हणाले. "फुकाट हाय. किती पायजे तुला?"

"तसं नाय, बाबा. धूळ हाय का धूर?"

"आता राबाच्या दिसांत काय असनार? पन तू ये गो. पोरीला मी सांभालतो."

मालकांनी एक वापरलेलं यंत्र पुसून, त्यात धुराच्या नव्या जाळ्या घालून माझ्या हाती दिलं. म्हणाले, खोली मात्र बंद पाहिजे, नाहीतर हे चालून उपयोग नाही. ते मी बाबांना फोनवर सांगितलं.

आम्ही पोचलो तर बाबांनी खोली खरंच बंद केलेली. आमच्या घरात भिंत आणि कौलं यांच्यामध्ये हातभर मोकळं असतं. तिथं पेंढा कोंबून वरून शेणमाती लिंपली होती. खिडकीसुद्धा लिंपून टाकलेली! लेक आत गेली, यंत्र सुरू झालं, बाबा उंबऱ्यात बसून त्याचा हिरवा दिवा बघत राहिले. दुपारी लोडशेडिंगला वीज गेली. वारा नाही, उजेड नाही, पोर घामानं भिजली आणि रडून रडून तिचा श्वास जोरात लागला. बाबांनी तिला उचलून अंगणात आणलं. मग शिडी लावून स्वतःच लिंपलेला पेंढा ओढून काढला.

शेजारच्या काकांचा राब त्याच दिवशी पेटायचा होता. बाबा त्यांच्या बांधावर गेले. काकांचा आवाज मला अंगणात ऐकू आला, "दिल्लीवाल्या बायला आता आमचा राब पन वास मारतो का रे?"

"पोरीला धाप लागते. वारा नदीकडं फिरला का मग लाव."

"मंग आधी सांगायचं नाय! मशीन कशाला आनली तिनं एवढ्या लांबून?"

काकांनी हसत हसत आगकाडी परत खिशात टाकली. वारा फिरला तेव्हाच पेटवलं, आणि बाकीच्यांनाही तसंच सांगितलं. ते दिवस लेक आंब्याखाली खेळली. मी तिच्या छातीला कान लावून झोपत होते. शिट्टीचा आवाज नव्हता.

पण बाबांचा राब घराला लागूनच होता. वारा कुठूनही आला तरी त्याचा धूर अंगणात येणारच. ते रोज सकाळी जाऊन पाला सारखा करत, आभाळाकडं बघत आणि तसेच परत येत. गावातले सगळे तुकडे काळे झाले होते, आमचा एकटा तेवढा हिरवट-तपकिरी. पाऊस आधी पडला तर तण माजणार, रोप धड येणार नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी विचारलं की म्हणायचे, "हाय अजून टाइम."

मी ठरवल्यापेक्षा लवकर निघायचं म्हटलं. मालकांनी बोलावलंय, असं सांगितलं. बाबांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं नाही की बोलावणं आलं कधी.

एसटी वळणावर आली तेव्हा आमच्या घराच्या बाजूनं पांढरा धूर वर येताना दिसला.

"आई, ते काय?"

"आजोबांनी राब लावला."

मी पदर तिच्या नाकावर धरला आणि स्वतः खिडकीतून बाहेर वाकले. गाडी पुढं जात होती. वास काही माझ्यापर्यंत आला नाही.