शेवटचा स

सातवीत असताना शुद्धलेखनात माझे नेहमी अर्धे गुण जायचे. मी लिहायचे, 'तू काय केलं?' बाई लाल पेनाने पुढे स लावायच्या आणि म्हणायच्या, "'तू' आला की शेवटी स येतो. केलंस. आलीस. जेवलीस. घरात कसंही बोल, वहीत लिहायचा." आठवीत माझी शाळा सुटली. त्या स-शी पुढे कधी गाठ पडेल असं वाटलं नव्हतं.

लग्नानंतर काही वर्षांनी ह्यांची बदली कोलकात्याला झाली. हे एका खाजगी कंपनीच्या गोदामात सुपरवायझर. गोदाम शहराबाहेर बजबज नावाच्या गावात, आणि आम्ही बालीगंज स्टेशनजवळ एका जुन्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत. हे सकाळी लोकलने जायचे, अंधार पडल्यावर परत यायचे. मला इथली भाषा येत नव्हती, हिंदीही अडखळत. दिवसभर घरात बसून मी आजारी पडेन म्हणून ह्यांनीच मला जवळच्या शिवणाच्या दुकानात काम लावून दिलं. साड्यांना फॉल-पिको. तिथल्या कटिंग मास्टरशी माझं जुळलं. चार महिने. दुसरे शब्द शोधत बसत नाही. चूक माझी होती.

एका दुपारी हे कामावरून लवकर निघाले आणि वाटेत गाड्या थांबल्या. हे अलीकडच्या लेक गार्डन्स स्टेशनला उतरले आणि तळ्याच्या कडेने चालत घरी निघाले. तिथल्याच एका बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. मला हे दिसलेही नाहीत. मी घरी पोचले तेव्हा हे स्वयंपाकघरात उभे राहून पाणी पीत होते.

"तळ्यावर पाहिलं मी. किती दिवस?"

मी सांगितलं.

"संपलं?"

मी होकाराची मान हलवली.

"बरं."

त्यावर पुढे एक शब्द नाही. माझ्या भावाला कळवलं नाही, सासूबाईंना नाही. मी दुकान सोडलं. ह्यांनी मला माहेरी पाठवलं असतं तर मी कुणाच्या दारात उभी राहिले असते, ते मला चांगलं ठाऊक आहे. देवापुढे दिवा लावताना पहिल्यांदा मनात ह्यांचेच आभार येतात.

फक्त ह्यांनी मला हाक मारणं सोडलं.

हे कळायलाच मला महिना लागला, कारण बोलणं चालू होतं. "डबा झाला का?" "दार लावून घ्यायचं." "आज उशीर होईल." ऐकणाऱ्याला यात काही वावगं दिसणार नाही. पण पूर्वी हे म्हणायचे, "अगं, डबा भरलास का?" आता अगं नाही, तू नाही, शेवटचा स नाही. मला ताप आला तेव्हा ह्यांनी रजा काढून दोन दिवस कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पेज करून दिली, आणि विचारलं, "बरं वाटतंय का?" कुणाला, ते नाही. समोरच्या माणसाला वगळूनही मराठीत संसार चालतो, हे बाईंनी शिकवलं नव्हतं.

भांडावं तर कशावरून? हात उगारला नाही, टाकून बोलले नाहीत. खालच्या घरमालकीणबाईंना सगळे मासिमा म्हणतात. त्या जिन्यात अडवून सांगतात, "तुमचं भांडण कधी ऐकूच येत नाही! माझ्या सुनेला म्हणते, जरा वर जाऊन शिकून ये." मी हसते आणि वर येते. वर दोन खोल्या आणि गॅलरीची जाळी. बाहेर जायला मला मनाई नाही. तरी भाजी घेतली की मी जवळजवळ पळतच परत येते. उशीर झाला तर हे काही विचारणार नाहीत, आणि त्याचीच भीती वाटते.

अगं मला मिळायचं ते रविवारी. सकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा आणि त्यांच्यासमोर हे अगदी पूर्वीसारखे बोलायचे.

"काय गं, केवढी वाळलीस! हा खायला घालतो का नाही?"

"घालतात हो, आई."

"अगं, काल किती कचोऱ्या खाल्ल्यास ते सांग की तिला!" हे मागून म्हणायचे.

मी तो कॉल लांबवायचे. मेथीच्या लाडवात डिंक किती, गाय व्याली का, शेजारच्या मुलीचं जमलं का. सासूबाई खूश, सून किती चौकशी करते! फोन बंद झाला की हे उठायचे. "आंघोळीचं पाणी तापलं का?"

असं वर्षभर चाललं.

दुर्गापूजेच्या आधीच्या रविवारी हे स्टुलावर चढून पंखा पुसत होते. मी एका हाताने स्टूल धरलं होतं, दुसऱ्या हातात फोन.

"अगं, आईला दाखव, केवढी धूळ निघालीय."

मी फोन वर केला आणि पडदा काळा झाला. कॉल तुटला होता. ह्यांची पाठ माझ्याकडे होती. सासूबाई मध्येच फोन डब्याला टेकवून दूध बघायला जातात, त्यामुळे आवाज थांबल्याचं ह्यांना काही वाटलं नाही.

मी फोन तसाच धरून ठेवला.

"अगं, ओलं फडकं दे. ते नव्हे, दुसरं. आणि हलू नकोस, पडेन मी. आई, सांग हिला! स्टूल धर म्हटलं तर नाचतेय नुसती."

काळ्या काचेत माझा चेहरा दिसत होता. तो हसत होता. पुन्हा ह्यांच्या पाठीमागे. मागच्या वेळी मी सापडले होते, सांगितलं नव्हतं.

"अहो, कॉल कट झालाय."

"कधी?"

"मघाशीच. धूळ दाखव म्हणालात तेव्हा."

ह्यांचा हात पात्यावर तसाच राहिला. मग हे खाली उतरले.

"मग तो धरून काय बघत होतीस?"

"बघत नव्हते. ऐकत होते."

"काय?"

"अगं."

ह्यांनी फडकं भिंतीवर फेकलं. "अगं पाहिजे तुला? त्या बाकावर पाय हलवत बसली होतीस तू, लहान पोरीसारखी. दहा पावलांवरून गेलो मी. तुला दिसलोसुद्धा नाही, इतकी हसत होतीस. या घरात हसलीस कधी तशी? इथं जीव रमत नाही म्हणून एकदा तरी बोललीस माझ्याशी?"

मासिमांपर्यंत आवाज नक्की गेला असणार. एकेक स येऊन लागत होता आणि मी जागची हलले नाही.

"आणि मी काय केलं," हे खुर्चीत बसत म्हणाले, "पाणी प्यालो."

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. मी तो उचलला नाही. आता हे चेहरा नीट करतील, पडद्यासाठी सगळं पुन्हा सुरू होईल आणि फोन बंद झाल्यावर पुन्हा संपेल, असं मला वाटलं.

"उचल," हे म्हणाले. "आणि आधी डोळे पूस. आई विचारत बसेल तुला."

फोन अजून वाजतच होता.